खुर्चीतली सासू

मी एकदा एका भल्या बाईला दवाखान्याच्या लाकडी खुर्चीच्या पाया पडायला लावलं. मुद्दाम नाही. मी तिला बरं करायला निघाले होते.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. निम्मे केस पांढरे झालेले, घरात सून आलेली, नातू मांडीवर बसून माझी साडी ओली करायच्या वयाचा. पण केस पिकतात म्हणून अक्कल पिकतेच असं नाही. माझी तर बरीच वर्षं हिरवीच राहिली.

मूळची मी नर्स. धडगावच्या डोंगरात सुरुवात केली, मग खाली शहाद्याला एका धर्मादाय दवाखान्यात आले आणि तिथेच मुरले. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना दवाखान्याने मनाच्या आजारांसाठी एक खोली काढली. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येणार. बाकीचे दिवस लोकांचं ऐकून घेणारं कोणीतरी हवं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं ना?"

मी म्हटलं, "आमच्या ह्यांना विचारा."

एवढ्यावर माझी निवड झाली. मला शिकायला नाशिकला पाठवलं. शिकवायला केतकी मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या: समुपदेशन म्हणजे सल्ला देणं नाही. माणसाला बोलू द्यायचं, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचंच ऐकू येईल इतपत शांत बसायचं. थोडक्यात, सल्ला न देण्याचा पगार. मी मान डोलवली. जन्मभर "पाणी उकळून प्या, पोराला उन्हात नेऊ नका, जास्त बोलू नका" असं ओरडत आलेल्या बाईने मान डोलवली, आणि मॅडमचा बिचारीचा विश्वास बसला.

आमच्याकडे माणूस आजारी असल्याचा पुरावा एकच, सलाईन. ताप असो, कंबर असो, की दीर वाटणी देत नाही म्हणून झोप उडालेली असो, माणूस आत आला की बाही वर करतो. मी म्हणायचे, "इथं सुई नाही, फक्त बोलायचं." मग तो दाराबाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून यायचा. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त तिला सांगा की चूक तिची आहे. बाकी आमचं छान चाललंय."

अशाच एका दुपारी भटूभाऊ आपल्या बायकोला घेऊन आले. तिचं नाव इथे विमलबाई ठेवते. खरं नाव वेगळं आहे. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "लिखा ना, पन नाव जरा चांगलं द्या." लोणखेड्याच्या बाजूला त्यांची केळीची बाग. पन्नाशीची, अंगाने बारीक, आल्यापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

"ताई, हिना डोकाले काहीतरी व्हयेल शे," भटूभाऊ म्हणाले. "सलाईन लावा."

झालं होतं ते असं. त्यांचा मुलगा योगेश शेती करतो. ठिबक आहे, पक्कं घर आहे, दारात बुलेट आहे, पण हल्ली मुलींना आणि मुलींच्या बापांना पुण्यातला पगारवाला लागतो. केळी कितीही गोड निघाली तरी नवरा शेतकरी नको. चार वर्षं मुली बघून बघून भटूभाऊंच्या चपला झिजल्या. शेवटी तळोद्याकडची कोमल नावाची मुलगी हो म्हणाली. मुलाला आवडली, घरच्यांना आवडली. पेढे आणायला माणूस निघाला. तेवढ्यात विमलबाईंनी मुलीच्या आईला गोठ्यामागे नेलं आणि हळूच सांगितलं, "तुमनी पोर आमना घर देऊ नका."

मुलीकडचे गोंधळून परत गेले. ते अजून पूर्ण नाही म्हणाले नव्हते, पण त्यांच्याकडे दुसरंही स्थळ येऊन बसलं होतं. योगेश आईशी बोलत नव्हता. भटूभाऊ तर बोलायचेच, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं.

मी भटूभाऊंना बाहेर बसवलं आणि विमलबाईंना विचारलं, "मुलगी आवडली नाही का?"

"पोर चांगली शे, ताई. लई हासस." पदर आवळत ती म्हणाली, "म्हनीसनच नको." म्हणूनच नको.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाशिकला त्याचेच धडे घेतले होते. पण मी सुरू झाले. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न, आईची माया, हल्लीच्या मुली किती समजूतदार, अमुक आणि तमुक. माझं ऐकता ऐकता विमलबाईंचा चेहरा शाळेत कवायतीला उभ्या केलेल्या पोरीसारखा झाला. जाताना ती म्हणाली, "तुमी चांगलं सांगं, ताई." आणि पुढच्या वेळी दुप्पट वाकून आली.

दोन-तीन भेटींनंतर मला दम लागला तेव्हा कुठे तिला बोलायला जागा मिळाली. मग तिची सासू बाहेर आली. बाई जाऊन काही वर्षं झाली होती, पण विमलबाईंच्या कानात अजून मुक्कामाला होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, विमलबाईंनी खापरावरचे मांडे करायला घेतले. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पुरण भरलेली पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकायची. ती इतकी पातळ व्हायला हवी की पलीकडचं माणूस दिसावं. नव्या नवरीचा मांडा हातावरच फाटला. सासूने तो तसाच सुपात घेतला आणि गल्लीत घरोघर दाखवून आली. त्या दिवशी सुनेला जेवायला कोणी बोलावलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही. नंतर कधीच तिने मांड्याला हात लावला नाही. सणावाराला बाकी बायका मांडे करायच्या आणि ही एका कोपऱ्यात मिरच्या निवडायची. भाजी जरा जास्त शिजली, दूध उतू गेलं, गाय बुजली, की आतून सासू म्हणायची, तुला काय जमतं गं?

पण तिची खरी भीती त्याच्याही पुढची होती. "परवा शेजारनी पोर पानी सांडनी," ती म्हणाली, "आनि मन्हा तोंडमाईन तिनाच आवाज निंघना. तोच, ताई. तस्साच. आते घरमा हासनारी पोर उनी त मी तिनं काय करसू?"

म्हणजे ही बाई सून नको म्हणत नव्हती. ती सुनेला वाचवत होती, स्वतःपासून. हे कळलं आणि माझ्या अंगात विद्या संचारली. नाशिकला आम्हाला एक रिकाम्या खुर्चीचा प्रयोग शिकवला होता. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं तो माणूस तिथं बसलाय असं मानायचं, आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं. नाशिकमध्ये एक बाई खुर्चीतल्या नवऱ्याशी असं काही भांडली होती की आम्ही फक्त टाळ्या वाजवायचं बाकी ठेवलं होतं.

मी खुर्ची पुसून घेतली. विमलबाईंच्या समोर ठेवली. आवाज खोल करून म्हटलं, "समजा, या खुर्चीत तुमच्या सासूबाई बसल्यात."

विमलबाई ताडकन उठली. डोक्यावरून पदर घेतला. खाली वाकून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना हात लावून नमस्कार केला, आणि मागे सरकत सरकत कोपऱ्यात जमिनीवर जाऊन बसली.

"विमलबाई, वर बसा ना."

"ताई, त्या समोर बठेल शेतस," ती पुटपुटली. "मी खुर्चीवर कशी बठू?"

"अहो, मनातलं बोला. जे कधी बोलता आलं नाही ते."

ती खुर्चीकडे न बघता म्हणाली, "काही नही, माय. सर्वं चांगलं शे."

एवढ्यात आत इतकी शांतता का म्हणून भटूभाऊंनी दार लोटलं. "काय व्हयनं?"

"हळू बोला," विमलबाई म्हणाली. "माय बठेल शेतस."

भटूभाऊंनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चपला दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्यामागे औषधाची रांग होती, त्यातल्या लोकांना काय चाललंय ते कळेना, पण हात जोडण्यासारखं काहीतरी आहे एवढं कळलं. तिघा-चौघांनी जोडले.

इथे तरी मी थांबावं? मला वाटलं, खुर्ची रिकामी आहे म्हणून अडतंय. मी दार लावलं आणि म्हटलं, "बरं, मीच तुमची सासू होते. मी बोलते, तुम्ही उत्तर द्या." आणि पदर खोचून खुर्चीत बसले.

तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "काय गं, झाली का भाजी, की आजही मुहूर्त बघतेस?"

हे वाक्य विमलबाईंच्या सासूचं नव्हतं. ते माझं होतं. त्याच सकाळी माझ्या सुनेला, मनीषाला, मी ते जसंच्या तसं बोलून आले होते, नाकातल्या सुरासकट.

विमलबाईंनी पदर जरा मागे सारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ताई," ती म्हणाली, "तुमले लई चांगलं जमस."

घरी जाऊन मी हे मनीषाला सांगितलं. ती पोळी उलटत शांतपणे म्हणाली, "आई, ट्रेनिंग तुम्ही घरीच पूर्ण केलं होतं. नाशिकला उगाच गेलात."

त्या आठवड्यात बाहेर जो गोंधळ झाला तो वेगळाच. शहाद्याच्या बसस्टँडपर्यंत बातमी गेली की दवाखान्यातल्या ताई मेलेल्या माणसांना बोलावतात, खुर्चीत बसवतात. एक आप्पा आले. त्यांचा धाकटा भाऊ अचानक गेला होता, आणि शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ते फक्त त्यालाच ठाऊक. "दोन मिनिटं बोलवा, ताई. जास्त वेळ नाही घेत." मी सांगून दमले की माझ्याकडे असली काही विद्या नाही. आप्पा उठेनात. मग ते व्हॉल्व्हवरून भावावर आले, भावाच्या लहानपणावर आले, आणि टोपीत तोंड घालून रडले. जाताना म्हणाले, "व्हॉल्व्हचं ऱ्हाऊ द्या. खणून काढू." धडगावकडून भरलेल्या जीपने देवाचं करणारे एक बाबा आले. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाची चौकशी करावी तसं त्यांनी खुर्चीला हात लावून बघितलं, फिरवून बघितलं. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. "म्हणजे तुम्ही फक्त ऐकता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आम्ही पण तेच करतो. पण आमचं ढोल वाजवून," म्हणाले. पुढे त्यांनी माझ्याकडे बरीच माणसं पाठवली. मीही दोघा-चौघांना त्यांच्याकडे जायला नाही म्हटलं नाही.

मोठे डॉक्टर मात्र भडकले. "सिस्टर, हा दवाखाना आहे की दर्गा?" त्यांनी खोली बंद करण्याची भाषा केली. खोली राहो न राहो, मला काळजी विमलबाईंची होती. मुलीकडच्यांचा निरोप आला होता: आठवड्यात काय ते सांगा, नाहीतर आम्ही मोकळे.

मी केतकी मॅडमना फोन केला आणि पाया पडण्यापासून सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मग कळलं, हसू आवरेना म्हणून त्यांनी फोन उशीखाली धरला होता. आवरल्यावर म्हणाल्या, "सासूशी भांडायचं कोणाला होतं?"

"विमलबाईंना."

"तसं त्या म्हणाल्या?"

मी विचार केला. "नाही. मला वाटलं."

"मग त्यांना विचारा ना, त्यांना कोणाला भेटायचंय."

एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं मी माणसांच्या दंडात सुया टोचल्या, पण तुला कुठे दुखतंय हे नीट विचारायला मला माझ्या लेकीच्या वयाच्या पोरीने शिकवलं.

पुढच्या भेटीत मी विचारलं. विमलबाई पुष्कळ वेळ बोलली नाही, आणि त्या दिवशी देवाच्या कृपेने मीही बोलले नाही. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, खिडकीची काच थरथरत होती. मग ती उठली. खुर्ची तिने उचलून भिंतीला लावली. कोपऱ्यातली चटई पसरली, तिच्यावर बसली आणि आपल्या शेजारी हाताने झाडून जागा केली. समोर नाही, शेजारी. पंगतीत उशिरा आलेल्या बाईला आपण सरकून जागा देतो ना, तशी.

"बठ वं," ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली. "जेवनी का तू?"

तिने सासूला नव्हतंच बोलावलं. बोलावली होती ती एकोणीस वर्षांची पोर, फाटक्या मांड्याची. सासूपुढे न फुटलेला शब्द तिच्याशी बोलताना वाहायला लागला. मी सगळं नाही लिहीत, ते त्या दोघींचं आहे. एक वाक्य लिहायची तिने परवानगी दिली आहे. ती म्हणाली, "मांडा फाटना त फाटना. सर्वास्ना फाटस. तू रडू नको."

आमच्या शास्त्रात याला स्वतःविषयी करुणा असं काहीतरी जड नाव आहे. शेजारणीची पोळी करपली तर आपण "असू दे गं" म्हणतो, आणि आपली करपली की स्वतःच्या सात पिढ्या काढतो. त्यातला "असू दे गं" थोडा आपल्याकडे वळवायचा, एवढंच. ऐकायला सोपं आहे. विमलबाईंना तीस वर्षं लागली.

चार दिवसांनी ती भटूभाऊंना घेऊन एसटीने कोमलच्या घरी गेली. तिथला प्रसंग तिने मला करून दाखवला. आईबापांच्या देखत ती कोमलला म्हणाली, "माले सासूपन येत नही. मन्हा तोंडमाईन कधी वाकडं निंघनं त माले लगेच सांगजो. मनमा ठेवू नको."

कोमल म्हणाली, "आणि माझ्या तोंडातून निघालं तर?"

विमलबाईंनी जरा विचार केला. "त मी बी सांगसू."

मुलीची आई म्हणे भटूभाऊंकडे वळून म्हणाली, इतकी स्थळं पाहिली, पण आधीच सूचना देणारी सासू पहिलीच. दुसरं स्थळ नाकारलं गेलं. लग्न झालं. मी जेवून आले, आणि योगेशने आईला हाताला धरून फोटोला मध्ये उभं केलेलं बघून आले. खोलीही चालू राहिली. मोठे डॉक्टर लग्नाला आले होते, त्यांनी एवढंच विचारलं की खुर्ची कुठे आहे. मी म्हटलं, तुमच्या केबिनमध्ये, तुम्हीच बसता तिच्यावर.

आता मी निवृत्त आहे. माझ्या जागी एक हुशार मुलगी बसते, ती माझ्यासारखी बडबडत नाही. मला मधूनच ते लोक आठवतात ज्यांना मी सुरुवातीला पोतंभर सल्ले देऊन घालवलं. ते पुन्हा आले नाहीत. बरे झाले म्हणून आले नाहीत असं मी कधीकधी स्वतःला सांगते, पण मला ते पटत नाही.

मागच्या महिन्यात विमलबाईंनी मला घरी बोलावलं. कोमलने चहा ठेवला आणि आमच्या गप्पांत येऊन बसली. चहा उतू गेला. मी धंद्याच्या सवयीने विमलबाईंकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "गॅस बंद कर, माय," ती म्हणाली, आणि घोटभर हवा गिळली. कोमल हसत उठली. म्हणजे बाई काही पूर्ण बरी झालेली नाही. कोण होतं? पण रोज थोडी गिळते.

मग मी माझी नेहमीची गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, निरोप समारंभात, सगळीकडे सांगते, आणि ती कधी फसली नाही. नुकतीच नर्स झालेली मी, धडगावपासून आत डोंगरातल्या एका पाड्यावर बाळंतपणाला गेलेली. पांढरी साडी कडक इस्त्रीची, डोकं त्याहून कडक. घरातल्या म्हाताऱ्यांना म्हटलं, सगळ्या बाहेर व्हा, मी शिकलेली आहे. बाहेर झाल्या. मग बाळाचं डोकं दिसलं, आणि शिकलेली बाई धाडकन पडली. शुद्धीवर आले तेव्हा बाळंतीणच माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि आपल्या भाषेत ओरडून म्हाताऱ्यांना सांगत होती, हिला आधी सांभाळा. मी उठले, हात धुतले, आणि त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं तसं करत गेले. बाळ झालं, आई ठीक, आणि त्या दीडशहाणीच्या साडीला शेणाचा हा एवढा डाग. डागापाशी मी नेहमी उभी राहून साडी दाखवायची नक्कल करते.

कोमल पोट धरून हसली. भटूभाऊ खोकेपर्यंत हसले. विमलबाई हसली नाही. बशीतला चहा तसाच ठेवून तिने विचारलं, "कितला वरीसनी व्हती ती?"

"कोण?"

"ती नर्स."

"बावीसची असेल."

"संगे कोनी नही?"

"कोण असणार? एकटीच."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घाबरनी, पन तठून पळनी नही ना ती? मंग तिले आजून कितला दिन हासशात, ताई?"